सोळा बोअरची पंचवीस काडतुसं

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आर्डिस ओप माझ्या बंदुकांच्या दुकानात आली, तेव्हा तिच्या एका हातात लाकडी खोका होता आणि दुसऱ्या हातात पीचचं कुखेन, आमच्याकडचा जर्मन पद्धतीचा केक. कुखेन तिने काउंटरवर ठेवलं तेव्हाच मी समजलो, काम मोठं आहे. आमच्या गावात किरकोळ कामाला बिस्किटं आणतात. कुखेन येतं ते एक तर कोणी गेलं म्हणून, नाहीतर कोणाला काही मागायचं असतं म्हणून. इथे दोन्ही होतं.

तिचा नवरा लेलंड जूनमध्ये गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. फेब्रुवारीत कळलं आणि मक्याची रोपं गुडघ्याला लागायच्या आत आटोपलं. लेलंडला मी चौदाव्या वर्षापासून ओळखत होतो. आयुष्यातलं पहिलं काडतूस मी त्याच्या तळघरात भरलं, आणि ते वाकडं मिटलं म्हणून त्याने मला ते चाकूने उघडून पुन्हा भरायला लावलं होतं.

"ताट परत करायची घाई नाही," आर्डिस म्हणाली. "सोमवारपर्यंतच हवं असं काही नाही. मी जायच्या आत दे म्हणजे झालं."

"जायच्या आत म्हणजे?"

"घर विकलं, गेलन. लेक म्हणते टूसॉनला ये. ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडतो त्याच्या पुढच्या सोमवारी सामानाची गाडी येणार आहे."

मग तिने खोक्याचं झाकण सरकवलं. आत सोळा बोअरच्या काडतुसांच्या पंचवीस रिकाम्या जांभळ्या नळ्या उभ्या होत्या, पाच ओळी, प्रत्येकीत पाच. ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोप्या बसवलेल्या. बाजूच्या पिशवीत पावडर आणि छर्रे यांच्यामध्ये बसवायचे पंचवीस प्लास्टिकचे वॅड, दुसऱ्या पिशवीत तोलून ठेवलेले छर्रे. आणि एका कार्डावर लेलंडच्या अक्षरात कृती: कुठली नळी, कुठली टोपी, कुठला वॅड, किती छर्रे, कुठल्या नंबरची बंदुकीची पावडर, किती.

"यात फक्त पावडर नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं त्याने एप्रिलमध्ये बसून केलं. दिवसाला दोन नळ्या व्हायच्या, मग दमायचा. आणि वरून घालायचा तो स्वतःच आहे. घरी आहे, शिवणयंत्राच्या शेजारी."

आमच्याकडे शिकाऱ्यांची ही रीत आहे. माणसाचं दहन झालं की त्याची राख थोडी थोडी छर्ऱ्यांवर घालायची, काडतूस मिटायचं, आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याच्या मित्रांनी त्याच्या आवडत्या पाणथळीवर ती उडवायची. पाद्रीसाहेब त्या दिवशी दुसरीकडे बघतात. लेलंड तर दहा वर्षं सांगत होता. "पन्नास वर्षं त्या फेझंट पक्ष्यांवर दुसऱ्यांनी बनवलेलं शिसं फेकलं," म्हणायचा, "एकदा स्वतः जाऊन बघतो कुठे चुकतंय ते."

"वचन दिलंय मी त्याला," आर्डिस म्हणाली. "त्याच्या बंदुकीतून, त्याच्या काडतुसात."

मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीस काडतुसांना सव्वा औंस पावडर लागते. कॉफीच्या कपात ओतली तर बूडही नीट झाकलं जाणार नाही. एवढीशी वस्तू. आणि माझ्या दुकानातली पावडरची फळी दीड वर्ष रिकामी होती.

रिकामी म्हणजे अगदी रिकामी नव्हती. तिच्यावर मी मफलरी आणि उंदरांचे सापळे मांडले होते, उघडं लाकूड दिसू नये म्हणून. रोज सकाळी आठला चार-पाच म्हातारे यायचे, माझी कॉफी प्यायचे आणि फळीकडे बघून विचारायचे, "काही आलं का?" नाही म्हटलं की उसासे टाकायचे. हे जे उसासे टाकणारे, त्यांच्या तळघरात काय काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच विकलं होतं. जो सगळ्यात मोठा उसासा टाकायचा त्याच्याकडे चाळीस पौंड होती. ज्याच्याकडे खरंच नव्हती तो आठवड्यातून एकदा यायचा आणि दारातूनच बघून जायचा.

तरी मी नियम केला होता. काउंटरवर खिळलेल्या फळकुटाला यादी लावली होती. नाव लिहायचं, माल आला की वरून खाली द्यायचा, माणशी एक डबा. गावाला माझ्या यादीचं कौतुक होतं. मलाही होतं.

आर्डिसने चष्मा लावला आणि ती यादी वाचू लागली.

"तिसरं नाव लेलंडचंच आहे की," ती म्हणाली. "वरची दोन खोडलेली."

"एक मिनेसोटाला गेला. दुसऱ्याने बंदुका विकल्या."

"लेलंड मार्चमध्ये आला होता ना तुझ्याकडे?"

"आला होता."

"काहीच नव्हतं म्हणे."

"काहीच नव्हतं," मी म्हणालो.

ती काउंटरपाशी थोडा वेळ तशीच उभी राहिली, चष्मा हातात धरून. मी कुखेनचं कौतुक करायला लागलो. कडा किती छान भाजल्यात, असं काहीतरी. मग ती गेली.

मार्चमध्ये माझ्याकडे एक डबा होता. त्याच नंबरचा, एक पौंडाचा, अख्ख्या हिवाळ्यात आलेला एकुलता एक. तो मी खालच्या फळीवर ठेवला होता, कारण व्हर्नन ह्यूपल त्या दिवशी बंदूक बघायला यायचा होता. व्हर्नन म्हणजे मातीच्या चकत्यांवर नेम धरणाऱ्या क्लबचा अध्यक्ष. यादीत त्याचा नंबर अकरावा. इटालियन दुनळी होती, तीन महिने काचेमागे पडून होती, आणि व्हर्ननने फोनवर म्हटलं होतं, "बंदूक घेतो रे, पण सोबत पावडर काय देतोस ते सांग." लेलंड सकाळी आला. कोट अंगावर लोंबत होता. त्याने विचारलं, मी नाही म्हटलं. दुपारी व्हर्नन बंदूक आणि डबा दोन्ही घेऊन गेला. एवढीच गोष्ट. मी तेव्हा स्वतःला म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत माल येईल, लेलंडला दोन देऊ.

आर्डिसची गाडी वळायच्या आत मी मिनिआपोलिसला घाऊकवाल्यांना फोन लावला. तिथे ब्रेंट नावाचा माणूस माझं खातं बघतो. आवाजावरून तो आयुष्यात कधी दुःखी झाला नसावा असं वाटतं.

"गेलन! हवा काय म्हणतेय तिकडे?"

"हवा भरपूर आहे. पावडर नाही."

"हा हा! तुझी ऑर्डर सिस्टिममध्ये आहे बरं का."

"गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून आहे. आणखी थोडी राहिली तर तिला तिथे मतदानाचा हक्क मिळेल."

"कापूस, गेलन. सगळं कापसावर अडलंय. समुद्रापलीकडे लढाई चाललीय, पावडर बनवायचा कापूस सगळा तोफांच्या पोटात जातो. कारखाना म्हणतो आधी सरकार, मग तुम्ही."

"मला तोफेपुरती नको. सव्वा औंस हवी."

"सव्वा औंस असा मालच नसतो. आठ पौंडांचा डबा असतो, आणि तो वाटपात बसणाऱ्यांना."

"वाटपात बसायला काय करायचं?"

तो आवाज खाली आणून बोलला, जणू शेजारी त्याची बायको झोपली होती. "हे बघ, तू यंदा आमचा उन्हाळी माल काहीच उचलला नाहीस. बायकांच्या पर्सेस आहेत. आत पिस्तुलाला वेगळा कप्पा. गुलाबी, वर झाडापाल्याची नक्षी. दोन डझन घे, मी तुला वरच्या यादीत टाकतो."

आमच्या गावात पर्स घेऊन फिरणाऱ्या बाया साधारण पन्नास. त्यांतल्या पिस्तूलवाल्या सहा, आणि सहाही जणी ते ट्रॅक्टरमध्ये ठेवतात. मी दोन डझन घेतल्या. मग फोन ठेवायच्या आधी, का कोण जाणे, त्याला सांगून टाकलं कशासाठी हवी ते.

"अरेरे," ब्रेंट म्हणाला. "अरेरे रे. बघतो मी. शपथ, बघतो."

पर्सेस आठवड्यात आल्या. त्या मी पावडरच्या फळीवर मांडल्या. सकाळचे म्हातारे कॉफी पिता पिता त्यांच्याकडे बघायचे. त्यांतला मायलो एकदा म्हणाला, "गेलन, तुला त्या काळ्या बुटांवर शोभेल ती."

"आत पिस्तूल मावतं, मायलो. तुझं तोंडही मावतं का बघू?"

सप्टेंबर तसाच गेला. मी दर मंगळवारी फोन करायचो. ब्रेंट दर मंगळवारी हवा विचारायचा. शेवटी मी म्हटलं, डबा गेला कुठे ते मला माहीत आहे. लांब कशाला जायचं. आणि व्हर्ननकडे गेलो.

व्हर्ननचं तळघर बघण्यासारखं आहे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, प्रत्येकाला पट्टी लावलेली. त्याला बघायला आलेली माणसं आवडतात. मी सरळ विषय काढला.

"मार्चमधला डबा? सोळा बोअरच्या कामाचा तो?" व्हर्ननने डोकं खाजवलं. "माझ्याकडे सोळा बोअर नाहीच."

"मग घेतलास कशाला?"

"होता म्हणून घेतला! तूच नाही का खालून काढून दिलास? म्हटलं खालून निघतोय म्हणजे चांगला असणार."

"आता कुठे आहे?"

"ॲबरडीनच्या एकाला दिला, टोप्यांच्या बदल्यात. पाच हजार टोप्या. झकास सौदा." त्याला माझा चेहरा दिसला असावा, कारण लगेच त्याने त्या माणसाला फोन लावला. माणूस चांगला होता, व्यवस्थित बोलला. त्याने तो डबा जुलैत नेब्रास्काच्या कोणाला तरी दिला होता, छर्ऱ्यांच्या दोन पोत्यांच्या बदल्यात. त्याच्याकडेही सोळा बोअर नव्हती. नेब्रास्कावाल्याने फोन उचलला नाही.

म्हणजे मार्चपासून त्या पावडरचं एकही काडतूस झालं नव्हतं. ती नुसती तळघरातून तळघरात फिरत होती. आणि ज्याला ती हवी होती तो एप्रिलमध्ये दिवसाला दोन टोप्या बसवत होता.

व्हर्ननला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. "हे बघ," तो म्हणाला, "यातली कुठलीही ने. फुकट ने. बारा बोअरची भरपूर आहे. पंचवीसच बार ना? थोडी कमी घाल, काय होतंय? मेलेला माणूस थोडाच तक्रार करणार."

"बंदूक त्याच्या आज्याची आहे, व्हर्नन. बेल्जियमची. जळायला एवढीशी चपळ पावडर पडली तर बंदुकीची नळी फुटेल, आणि ज्याच्या खांद्याला ती असेल त्याला घेऊन फुटेल. आणि लेलंड तक्रार करेल. खोक्यातून उठून करेल."

"हो," व्हर्नन म्हणाला. "तो करेल खरा."

बाकी घरंही मी फिरलो. सकाळचे म्हातारे एकेक करून सांगत गेले: नाही रे, होती ती संपली, मी तर तुझ्याकडेच मागणार होतो. मायलोने मात्र मला खाली नेऊन फळी दाखवली. सगळी बारा बोअरची. त्या नंबरची खरंच कोणाकडे नव्हती की खोटं बोलत होते, ते मी सांगू शकत नाही. चेहरे सारखेच होते. मार्चमध्ये माझाही तसाच असणार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी ब्रेंटने हवा विचारली नाही.

"गेलन, निघाली," तो म्हणाला. "मी स्वतः गोदामात उतरलो. स्वतः पट्टी लावली. गुरुवारी येईल. ऐकतोयस ना?"

मी आर्डिसला फोन केला. ती फक्त "बरं" म्हणाली, पण तिने पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. बहुतेक ती उभी होती आणि बसली.

गुरुवारी दुपारी गाडी आली. सहीशिवाय हा माल देत नाहीत. मी रस्त्यातच सही केली. मायलो आणि मंडळी कॉफी सोडून काउंटरभोवती उभी राहिली. मी खोकं फाडलं. आठ पौंडांचा डबा, त्याच कारखान्याचा, तोच रंग, तसंच लाल झाकण.

नंबर शेजारचा होता.

पावतीच्या तळाशी छापलेलं होतं: मूळ माल उपलब्ध नसल्याने पर्यायी माल पाठवला आहे. ब्रेंटने पट्टी लावली असेलच. त्याच्यानंतर कोणीतरी फळी रिकामी बघितली आणि शेजारचा डबा उचलला, कारण त्याच्या लेखी ती शेजारचीच वस्तू होती. ही पावडर बारा बोअरच्या हलक्या काडतुसांची. सोळाची कृती हिच्यावर कोणी छापलेली नाही आणि छापणारही नाही.

मी ब्रेंटला फोन लावला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "परत पाठव, आम्ही बदलून..." आणि स्वतःच थांबला.

"ठीक आहे, ब्रेंट," मी म्हणालो. त्याच्यावर ओरडायला मी दीड वर्ष वाक्यं जमवून ठेवली होती. त्यातलं एकही निघालं नाही. मालच नाही असं सांगणाऱ्या माणसाला काय काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. पण त्यातली बरीचशी वाक्यं माझ्याच अंगाला लागणारी होती.

मी वळलो तर मायलो डब्याकडे बघत होता. "हा मग तू विकणार असशील," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत तो डबा छोट्या छोट्या वाट्यांनी गेला. कुठल्या कामाची आहे हे दोघांनी विचारलं. बाकीच्यांनी तेही नाही.

दुकान बंद करून मी आर्डिसकडे गेलो. स्वयंपाकघरात खोक्यांच्या थप्प्या होत्या, वर जाड शाईने लिहिलेलं: टूसॉन, चर्च, टाकायचं. तिचे कप बांधून झाले होते. तिने कॉफी कागदाच्या पेल्यात दिली. लाकडी खोका टेबलावर होता, झाकण काढलेलं. ती मापाचा चमचाही घासून ठेवून बसली होती.

"वेगळा नंबर आला," मी म्हणालो.

"म्हणजे चालणार नाही."

"नाही."

तिने पुन्हा विचारलं नाही. एकोणपन्नास वर्षं काडतुसं भरणाऱ्याबरोबर काढलेली बाई. थोडी कमी घालून बघ, असं ती म्हणणार नव्हती.

"बारा बोअरची तयार काडतुसं आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "तोंड उघडून, छर्रे काढून, त्याला त्यात घालतो. माझ्या बंदुकीतून..."

"तयार काडतुसं," ती म्हणाली. "कारखान्याची. लेलंडला."

"नाही तर नाही."

"आयुष्यभर नावं ठेवली त्याने त्यांना. आता त्यातच कोंबायचं?" ती जराशी हसली, मग हसू तसंच राहून गेलं. "नको, गेलन."

मी कागदाचा पेला फिरवत बसलो. त्याची कडा चावून चावून मऊ झाली होती.

"आर्डिस, मार्चमध्ये..."

"डबा होता," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

बाहेर कोणाचं तरी कापणी यंत्र चाललं होतं. ते शेताच्या टोकाला जाऊन वळलं.

"लाल झाकण दिसत होतं म्हणे," ती म्हणाली. "खालच्या फळीवर, वह्यांच्या मागे. घरी आल्या आल्या सांगितलं त्याने, कोट काढता काढता."

"मग मला तोंडावर का नाही बोलला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, गेलनने आधी कोणाला कबूल केला असेल. यादी आहे त्याच्याकडे, वरून खाली जातो तो. माझा नंबर आला की आणून देईल." तिने टेबलावरचा एक छर्रा बोटाने पिशवीकडे ढकलला. "वाट बघत होता रे. एप्रिलमध्ये बाहेर गाडी वाजली की म्हणायचा, गेलन असेल. मग ऑगस्टमध्ये मी तुझी यादी वाचली. त्याच्या वर कोणी नव्हतंच."

"कोणाला दिला ते..."

"कोणाला दिलास ते नको सांगूस. मला इथून जायचंय. एक नाव जास्त घेऊन कशाला जाऊ?" ती उठली, पाठमोरी होऊन सिंकमध्ये हात धुतले, हात स्वच्छ होते तरी. "त्या दिवशी मी थांबले होते तुझ्या काउंटरपाशी. वाटलं, आता सांगेल. आणि तू कुखेनच्या कडांबद्दल बोलायला लागलास."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते मला आठवत नाही. शब्द बरेच होते आणि कामाचे थोडे.

ती म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन ये. पाणथळीपर्यंतच्या रस्त्यावर माझी गाडी रुतते. आणि त्याची बंदूक तूच धर. मला ती जड होते."

शनिवारी, हंगामाच्या पहिल्या सकाळी, आम्ही साडेनऊला पोचलो. वारा वायव्येचा, आकाश पत्र्यासारखं. पाणकणसं फुटून त्यांचा कापूस उडत होता. दूर तिन्ही बाजूंच्या शेतांच्या कडेला गाड्या उभ्या होत्या आणि नारिंगी टोप्या घातलेली माणसं ओळीत उभी राहून घड्याळं बघत होती. दहाच्या आधी बार काढायचा नाही, हा कायदा आहे.

मी बंदूक उघडी, रिकामी, हातावर टाकून उभा राहिलो. आर्डिसने खोका गाडीच्या मागच्या फळीवर ठेवला. मग राखेची पिशवी काढली आणि मापाच्या त्या चमच्याने जांभळ्या नळ्यांमध्ये राख भरायला सुरुवात केली. पावडर नाही, वॅड नाही, छर्रे नाहीत. नुसता तो. पंचवीस नळ्या, काठोकाठ. एकीतही सांडलं नाही.

"मिटू का तोंडं?" मी विचारलं.

"कशाला?"

दहा वाजले आणि सगळीकडून एकदम बार सुरू झाले. मायलोचं शेत पूर्वेला, व्हर्ननच्या भावाचं उत्तरेला, आणि त्यांच्यापलीकडे आणखी. थांबतच नव्हते. दीड वर्ष उसासे टाकणारं गाव धडाधड उडवत होतं. माझ्या दुकानातून कधी काय गेलं ते मला आवाजावरून मोजता आलं असतं.

आर्डिसने पहिली नळी घेतली, पाण्याच्या कडेने चार पावलं गेली आणि पाणकणसांवर उलटी केली. परत आली, दुसरी घेतली. मी म्हटलं, खोका मी धरतो, तू चालत राहा. तेव्हापासून ती पुढे आणि मी मागे, एका हातात खोका आणि दुसऱ्या हातावर बंदूक, अशी आम्ही अर्धी पाणथळ फिरलो. ती प्रत्येक नळीला तळाशी दोन टिचक्या मारायची, आत काही राहू नये म्हणून, आणि रिकामी नळी पुन्हा तिच्या जागेवर ठेवायची. एकदा चिखलात पाय गेला तेव्हा म्हणाली, "बूट त्याचेच घालायला हवे होते."

एकविसाव्या की बाविसाव्या नळीला वारा फिरला. राख पाण्याकडे न जाता माझ्याकडे आली आणि कोटाच्या बाहीवर, खिशाच्या झडपेवर, बंदुकीच्या लाकडावर बसली. मी खोका गुडघ्यावर तोलून बाही झटकायला हात उचलला.

आर्डिसने माझं मनगट धरलं. तिचे हात गार होते.

"राहू दे," ती म्हणाली. "गाडीत बसेपर्यंत तरी राहू दे."

मग तिने उरलेल्या नळ्या घेतल्या, एकेक, आणि मी बाही न हलवता तिच्या मागे चालत राहिलो.